पन्नास लाखांची गाडी: कर्ज कोणते काढावे आणि किती वर्षांचे?

बी-१२०३ (डॉक्टर)
नमस्कार मंडळी. दवाखाना आणि घर मिळून वापरायला एक मोठी पेट्रोल गाडी घ्यायचे ठरले आहे. शोरूमची किंमत ४२ लाख आहे. त्यावर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला लागणारा १३ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे जवळजवळ साडेपाच लाख, शिवाय विमा, नोंदणी आणि १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्या नावावर आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) धरला, तर गाडी घोडबंदर रस्त्यावर येईपर्यंत ५० लाख होतात. गाडी कोणती घ्यावी यावर नवे पर्याय कृपया सुचवू नयेत, तो वाद घरात मिटलेला आहे. प्रश्न पैशांचा आहे. बचत खात्यातले १० लाख भरून उरलेल्या ४० लाखांसाठी तीन प्रस्ताव हातात आले आहेत. पहिला बँकेच्या ७ वर्षांच्या वाहन कर्जाचा. दुसरा शोरूममधल्या हलक्या हप्त्याच्या योजनेचा, ज्यात ५ वर्षे कमी हप्ता भरून शेवटी १६ लाख एकरकमी द्यायचे. तिसरा घरकर्जावरच्या टॉप-अपचा, म्हणजे चालू घरकर्जावर वाढवून मिळणाऱ्या कर्जाचा. पहिल्या दोन्हींचा दर ९ टक्के आहे, टॉप-अपचा सव्वाआठ. मुदत ठेवीत २० लाख आहेत, म्युच्युअल फंडात साधारण तेवढेच. जाणकारांनी मत द्यावे.

बी-६०४
डॉक्टर, मी टॉप-अप घेईन. दर सर्वांत कमी आहे, १५ वर्षांची मुदत मिळाली तर हप्ता ३९ हजारांच्या आत बसतो आणि मुदत ठेव, फंड यांना हात लावावा लागत नाही.

ए-३०२ (काका)
डॉक्टरसाहेब, बँकेतल्या नोकरीत कर्जांच्या फायली पुष्कळ हाताळल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्ही प्रस्तावांत आपल्याला हप्ता किती ते आधी सांगितले गेले आहे, आणि हप्त्यावरून कर्ज निवडले की मुदत लांबवणारा प्रस्ताव नेहमीच स्वस्त दिसतो. बी-६०४ यांनी सुचवलेल्या टॉप-अपचेच बघा. सव्वाआठ टक्क्यांनी ४० लाख १५ वर्षांत फेडताना व्याजच जवळपास ३० लाख जाते, आणि पंधराव्या वर्षी हप्ता चालू असताना ही गाडी आपल्या दारात असण्याची शक्यता फार थोडी. शिवाय वाहन कर्जात तारण गाडी असते, टॉप-अपमध्ये राहते घर असते. दवाखान्याचे उत्पन्न एखाद्या वर्षी मंदावले, तर गाडी विकून मोकळे होता येते; घरावरचा बोजा तसा उतरत नाही.

७ वर्षांच्या कर्जाचा हप्ता ६४,३५६ रुपये येतो आणि एकूण व्याज १४ लाखांच्या थोडे वर जाते. तेच कर्ज ५ वर्षांचे केले, तर हप्ता ८३,०३३ होतो आणि व्याज ९ लाख ८२ हजारांवर थांबते. मला मात्र व्याजातल्या या फरकापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या सोसायटीत महागडी गाडी कोणी ५-६ वर्षांहून जास्त ठेवलेली मी पाहिलेली नाही. ७ वर्षांचे कर्ज घेऊन पाचव्या वर्षाअखेरीस गाडी विकायला काढली, तर त्या दिवशीही १४ लाखांहून जास्त मुद्दल बाकी असते. विक्रीतून आलेल्या पैशांतून आधी बँक, मग आपण. म्हणून गाडी किती वर्षे ठेवणार ते आधी ठरवावे आणि कर्ज त्याच्या आत संपवावे, इतकीच माझी अट आहे.

डी-११०५
काकांशी सहमत. शेवटी एकरकमी रक्कम असलेली योजना मी मागच्या गाडीला घेतली होती. कंपनीचे नाव घेत नाही. मुदतीअखेर ठरलेल्या किमतीला गाडी परत घेऊ असे सांगितले होते, परंतु करारात किलोमीटरची मर्यादा होती, प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच केल्याची नोंद हवी होती, आणि मागच्या दाराचा एक पोचा दाखवून किंमत खाली आणली गेली. बोलताना ठरलेली किंमत ही त्या अटींसकट असते, हे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही.

बी-१२०३ (डॉक्टर)
हे उपयोगी आहे. तरीही त्या योजनेचा हप्ता ६१,८२० रुपये आहे, म्हणजे ५ वर्षांच्या साध्या कर्जापेक्षा महिन्याला २१ हजारांनी कमी. तो फरक दवाखान्याच्या भाड्याला कामी येईल, असा माझा विचार होता.

ए-३०२ (काका)
तो फरक फुकट मिळत नाही, डॉक्टरसाहेब. शेवटच्या १६ लाखांवर पाचही वर्षे व्याज चालू राहते, त्यामुळे एकूण व्याज १३ लाखांपुढे जाते, साध्या कर्जाहून सव्वातीन लाखांनी अधिक. आता दुसरा हिशेब करून पाहा. मुदत ठेवीतले १० लाख मोडून आपण सुरुवातीला १० ऐवजी २० लाख भरलेत आणि ३० लाखांचे साधे कर्ज ५ वर्षांसाठी घेतलेत, तर हप्ता ६२,२७५ रुपये होतो. जवळजवळ तोच हप्ता, आणि शेवटी १६ लाखांची टांगती तलवार नाही.

बी-६०४
काका, पण ते १० लाख कुठेतरी कमावत होते ना? आज १० लाख देणे आणि ५ वर्षांनी १६ लाख देणे यांत ९ टक्क्यांचाच फरक आहे. माझा इक्विटी फंड त्याहून जास्त देतो.

ए-३०२ (काका)
आपले गणित बरोबर आहे, म्हणूनच मी फंड विका म्हणालो नाही, मुदत ठेव मोडा म्हणालो. ठेवीवर साडेसहा टक्के मिळत असतील, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि उपकर जाऊन हातात साडेचार टक्केसुद्धा पडत नाहीत. साडेचार टक्क्यांनी पैसे ठेवायचे आणि ९ टक्क्यांनी उसने घ्यायचे, याला माझ्या लेखी आधार नाही. मुदतीआधी ठेव मोडल्याबद्दल अर्धा-एक टक्का कापला गेला तरी नाही. फंडाचे वेगळे. तिथे वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, परतावा ठरलेला नाही, पण तो कधी काढायचा हे आपल्या हातात आहे. उरलेल्या १० लाखांच्या ठेवीला मात्र हात लावू नये. दवाखाना चालवणाऱ्याजवळ सहा महिन्यांचे हप्ते आणि पगार निघतील इतकी रोकड असलीच पाहिजे.

सी-९०१ (सीए)
शोरूममध्ये ‘डॉक्टर आहात, टॅक्समध्ये सगळे वसूल होते’ असे सांगितले गेले असणारच, म्हणून तो विषय मी पुरा करते. डॉक्टर, आपली वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असेल, रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल आणि आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरत असाल, तर निम्मी जमा उत्पन्न धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सर्व खर्च आले असे मानले जाते. तेव्हा गाडीचा घसारा (किमतीतली वर्षागणिक घट) आणि कर्जाचे व्याज वेगळे वजा करता येत नाही. हिशेबवह्या ठेवून विवरणपत्र भरत असाल, तर घसारा १५ टक्के मिळतो आणि व्याजही खर्चात धरता येते, मात्र घरच्या वापराचा वाटा दोन्हींतून वगळावा लागतो. टॉप-अपचे पैसे गाडीला लावले, तर घरकर्जाच्या व्याजाची सवलत त्यावर मिळत नाही. तिथेही पैसे कशाला वापरले हेच बघितले जाते. टीसीएसचे ४२ हजार तेवढे खर्चात धरू नका, ते प्राप्तिकर खात्याकडे आपल्या नावावर जमा दिसतात आणि विवरणपत्रात वळते होतात.

बी-१२०३ (डॉक्टर)
ताई, मी वह्या ठेवतो. कर्जाच्या फ्लॅट व्याजदराचे काय? दुसऱ्या एका फायनान्स कंपनीचा माणूस साडेपाच टक्के सांगून गेला.

सी-९०१ (सीए)
तो साडेपाच टक्के मूळ रकमेवर पाचही वर्षे लागतो, फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा. ४० लाखांवर त्याचे ११ लाख होतात आणि हप्ता ८५ हजारांचा येतो, म्हणजे घटत्या शिलकीवर पाहिले तर १० टक्के. बँकेचा ९ टक्के त्याहून स्वस्त आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून अशा कर्जांसोबत केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. तोंडी दर ऐकू नका, तो कागद मागा.

ए-३०२ (काका)
त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. व्यक्तीच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, परंतु वाहन कर्जे पुष्कळदा स्थिर दराची असतात आणि तिथे शुल्क लागू शकते. दुसरे म्हणजे कर्जाच्या रकमेत गुपचूप मिसळलेला आयुर्विमा. तो सक्तीचा नाही.

गाडीच्या विम्याचेही सांगतो, कारण तो कर्जाशी जोडलेला आहे. दोन वर्षे झालेल्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, साधारणपणे ३० टक्के घटवून धरतात. आपल्या गाडीची ती २९ लाख ४० हजारांच्या आसपास येईल. ४० लाखांच्या ७ वर्षांच्या कर्जात त्याच वेळी ३१ लाख बाकी असतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेत जाऊन वर दीड लाखाहून जास्त पदरचे भरावे लागतील. ३० लाखांच्या ५ वर्षांच्या कर्जात हा प्रसंग येत नाही. तरीही पहिली काही वर्षे रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे अशा वेळी आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारी विम्याची जोड, घ्यावी, आणि विमा शोरूममधूनच घ्यायचे बंधन नाही हेही लक्षात असू द्यावे.

सचिव
डॉक्टर, चर्चा चालू आहे म्हणून मध्येच विचारतो. गाडीचे वजन कळवा. आपली जागा स्टॅक पार्किंगच्या वरच्या थरावर आहे आणि तिथल्या फलकावर वजनाची मर्यादा लिहिलेली आहे.

बी-१२०३ (डॉक्टर)
सचिवसाहेब, उद्या कळवतो. बाकी सर्वांचे आभार. २० लाख भरून ३० लाखांचे ५ वर्षांचे कर्ज घेतो आणि दोन बँकांकडून केएफएस मागवतो. ठाणे आरटीओतली नोंदणी दसऱ्याला व्हावी, अशी आईची इच्छा आहे.

सी-९०१ (सीए)
दसऱ्याचे मात्र एकदा घरी बोलून घ्या. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांहून कमी वापरली गेली, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, आणि ती सीमा ऑक्टोबरच्या पहिल्या तीन दिवसांत संपते. यंदा दसरा त्यानंतर आहे. गणेशोत्सवात गाडी आली तर पूर्ण १५ टक्के, दसऱ्याला आली तर साडेसात. राहिलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहतो, त्यामुळे आईंचे मन मोडण्याइतकी ही रक्कम आहे का, ते तुम्ही ठरवा.

बी-१२०३ (डॉक्टर)
आईला विचारले. गणपतीत चालेल म्हणाली, पण पितृपक्षाच्या आत गाडी दारात हवी.