चिऱ्याच्या घरात गाणं तुटतंय? प्लेअर बदलू नका, वायर ओढा

पडवीकर, दापोली
नेटवर्क प्लेअर, म्हणजे घरातल्या सर्व्हरवरची गाणी नेटवर्कवरून घेऊन वाजवणारं यंत्र, अडकतो म्हणून नवा घेणारे तीन जण या वर्षी पाहिले, म्हणून हे लिहितोय. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. राउटर माजघरात, प्लेअर पडवीत, मध्ये दोन जाड भिंती. उन्हाळाभर काही त्रास नाही. मृग लागून चिरा पाणी प्याला, की विलंबित ख्याल रंगात येतो आणि नेमका समेवर आवाज तुटतो. फार जिवाला लागतं ते.

तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याच प्लेअरला लावली, एकदाही अडकली नाही. म्हणजे फाइल आणि प्लेअर दोन्ही ठीक. मग वायफायवरून ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ०.३२ मेगाबिट) एमपीथ्री लावलं, तेही चाललं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी केलेली फाइल) लावलं की तुटायचं. अशा ध्वनिमुद्रणाला मुळात सेकंदाला ४.६ मेगाबिट लागतात. फ्लॅकमध्ये कमी होतात, पण ओघ सलग हवा. ओल्या भिंतीपलीकडे तो टिकत नव्हता. राउटरपासून प्लेअरपर्यंत पंधरा मीटर कॅट-सिक्स, म्हणजे लॅनची वायर, टाकली, त्यानंतर अख्खा पावसाळा खंड नाही.

खाडीपलीकडे, देवगड
कोकणात हा सल्ला देऊ नका. लॅनची वायर म्हणजे तांबं. गेल्या वळवाच्या पावसात समोरच्या माडावर वीज पडली आणि आमचा राउटर, स्विच, प्लेअर, तिन्हींचे पोर्ट एकदम गेले. शेजाऱ्यांचं सगळं वायफायवर होतं, त्यांचा फक्त राउटर गेला. त्यापेक्षा राउटर दाराच्या रेषेत आणा आणि प्लेअरला वायफायच्या ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठेवा. भिंतीतून तेच जास्त पोचतं. चॅनल १, ६, ११ यांपैकी जो मोकळा असेल तो धरा.

पडवीकर, दापोली
तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण ती वीज घराच्या आतल्या वायरीत जन्मली नाही, बहुधा खांबावरच्या लाइनीतून आली असणार. जांभ्याच्या कातळात चांगलं अर्थिंग मिळणं कठीण, खरा धोका तिथे आहे. ढग गडगडले की मी प्लग आणि लॅन दोन्ही काढतो. आणि २.४ वर जाऊन माझं फ्लॅक तरीही तुटत होतं, हे करून पाहिलंय.

माडाखाली, मालवण
लायटीबद्दल कोणच बोलूक नाय! आमच्याकडे पावसात दिवसातून चारदा वीज जाते. राउटर परत सुरू झाला की गाण्यांच्या सर्व्हरला (गाणी साठवलेल्या संगणकाला) दुसरा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो आणि प्लेअर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. वायर असो वा वायफाय, गाणं लागणारच नाही. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा. आणि सर्व्हर म्हणून वापरलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला हार्डडिस्क लावली असेल तर अडॅप्टर तपासा. व्होल्टेज पडलं की डिस्क मध्येच सुटते आणि दोष नेटवर्कला लागतो.

खाडीपलीकडे, देवगड
आयपीचं पटलं, आजच राखून ठेवतो. तांब्याची वायर मात्र ओढणार नाही. ओढलीच तर दोन्ही टोकांना लॅनचा सिग्नल प्रकाशात बदलणारे कन्व्हर्टर लावून ऑप्टिकल फायबर ओढेन. काचेतून वीज वाहत नाही, खर्च जास्त झाला तरी चालेल. पडवीकर, तुम्ही गडगडाट ऐकून प्लग काढता. रात्री दोनला झोपेत असताना कोण काढणार?