वायुदलातली आपली माणसं: तुमच्या आठवणी लिहा

मामाची_भाची
ग्रुप कॅप्टन दिलीप पारुलकर गेले. पुण्यातच, 82 वर्षांचे होते. बातमी वाचल्यापासून मामा डोक्यातून जात नाहीये. मामा पण फायटर पायलट, 71 ची लढाई केलेला, पण आम्हा भाच्यांना त्यातलं अवाक्षर सांगितलं असेल तर शप्पथ. रिटायर झाल्यावर बजाज चेतक होती. रोज निघायच्या आधी तिच्याभोवती अख्खी एक फेरी, टायर दाबून बघणार, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवणार, खाली वाकून ऑइल गळतंय का बघणार आणि मग किक. मामी म्हणायची, "अहो भाजी आणायला चाललाय, बाँब टाकायला नाही."

पारुलकरांची गोष्ट त्यानेच सांगितली होती, एकदाच, लाइट गेले होते म्हणून. 10 डिसेंबर 71 ला पाकिस्तानात त्यांचं सुखोई-7 विमान पाडलं, रावळपिंडीत कैदेत ठेवलं. तिथे मिळेल त्या हत्याराने भिंत पोखरली आणि ऑगस्ट 72 मध्ये वादळी पावसाच्या रात्री तिघं बाहेर पडले, पारुलकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. बसने पेशावर, तिथून लंडी कोटल. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली. आणि लाइट आले! पुढे काय म्हटलं तर म्हणे, "पकडले. डिसेंबरात सोडले. झोपा."

मामाला जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याकडे होतं का असं कोणी?

खडकी_लोकल
अगं का पकडले तेच राहिलं की! लंडी खान्याला कसं जायचं विचारत होते. नकाशात स्टेशन दिसत होतं, पण तिथली रेल्वे 1932 सालीच बंद पडलेली. चाळीस वर्षं जिथे गाडी जात नाही तिथलं स्टेशन विचारणारे हे कोण, म्हणून लोकांना संशय आला. नकाशाने घात केला बघ. पारुलकरांनी तर नाव पण फिलिप पीटर घेतलेलं, म्हणजे तयारी सगळी चोख.

उलथनं
सगळे पायलटचंच कौतुक करा. आमचे सासरे ग्राउंड क्रू, इंजिन फिटर. काम संपलं की पेटीतलं एकेक हत्यार मोजायचं, एक पाना जरी सापडला नाही तरी विमान उडणार नाही, सगळे रांगेत उभे राहून शोधणार. ती सवय घरी आली. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात फळी ठोकली आणि त्यावर लाल रंगाने झारा, उलथनं, चिमटा, किसणी सगळ्यांचे आकार काढले. जे जागेवर नाही ते लांबून दिसायचं. मी नवी नवरी, रात्री अकराला हाक, "सूनबाई, झारा कुठाय?" झारा बेसिनमध्ये. तेव्हा डोक्यात जायचं. आता ते नाहीत, फळी आहे. परवा रंग द्यायला आलेला माणूस म्हणाला हे पुसून टाकू का, मी अशी ओरडले की बिचारा स्टुलावरून पडता पडता वाचला.
कुकरची शिट्टी झाली, आले.

निनाद_नाही_नुसताच_नाद
+1 ग्राउंड क्रूसाठी. पारुलकरांचं 65 च्या युद्धातलं पण लिहा कोणीतरी. विमानाला मार बसला, त्यांच्या उजव्या खांद्याला जखम, लीडर सांगतोय उडी मार, तरी विमान तळावर परत आणलं. वायुसेना मेडल त्याचं आहे. आणि पळून जाताना पाणी न्यायला वैमानिक घालतात त्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्या वापरल्या होत्या म्हणे. आमच्याकडे ट्रेकला निघालं तरी बाटली घरीच राहते.

लॉगबुक
बाबा गेल्यावर कपाट आवरताना त्यांचं लॉगबुक सापडलं. तारीख, विमानाचा नंबर, किती मिनिटं, सगळं बारीक अक्षरात. मी सरळ माझ्या जन्मतारखेचं पान काढलं. 55 मिनिटं. म्हणजे आई हॉस्पिटलात आणि हे आकाशात. आईला दाखवलं तर म्हणाली, "बघ, मला सांगितलेलं की ऑफिसात मीटिंग होती." पन्नास वर्षांनी चोरी पकडली आणि भांडायला समोर माणूसच नाही.

मामाची_भाची
@लॉगबुक 😂 आणि 😢 एकदमच.

सातारकर_मावशी
परत आलेल्यांचं वाचताना मला दरवेळी तांबे आठवतात. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. 5 डिसेंबर 71 ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर सुखोई-7 घेऊन गेले ते आलेच नाहीत. त्यांची बायको दमयंती तांबे, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. आपला माणूस तिकडच्या तुरुंगात आहे म्हणून किती वर्षं दारं ठोठावली त्यांनी. 54 जणांची यादी आहे अशी. आमच्या आळीतला एक युद्धकैदी सुटून 1 डिसेंबर 72 ला वाघा बॉर्डरवरून आला तेव्हा गावात पेढे वाटले होते, मी तिसरीत होते, मला दोन मिळाले. तांब्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल हे कळायला मला फार वय व्हावं लागलं.

खडकी_लोकल
मावशी 🙏

गिअरबॉक्स
विषयांतर करतो, सॉरी. चेतक कुठल्या सालची? माझ्याकडे 84 ची होती, ॲव्हरेज 45, आडवी करून मगच चालू व्हायची.

उलथनं
तुम्हाला यात चेतकच दिसली का 🤦‍♀️

मामाची_भाची
सगळ्यांचं वाचून आत्ता मामीला फोन केला. @गिअरबॉक्स, 88 ची आहे, अजून पार्किंगमध्ये उभी. टायर बसलेत, सोसायटीवाले हलवा म्हणून मागे लागलेत. मामी म्हणतेय कोणाला हवी तर द्यायची, पैसे नकोत, फक्त न्यायला येईल त्याने निघण्याआधी एक फेरी मारायची, ती गॅलरीतून बघणार आहे.

गिअरबॉक्स
रविवारी येऊ का?