विषय: मंडईत जमलेली सोयरीक की ॲपवरची?

नमस्कार मंडळी,

वडश्याकडचे दादा, तुम्ही दोन महिने गावाकडे आहात म्हणून विचारते. भाच्यासाठी (भंडाऱ्याकडे असतो, धानाची शेती, बी.एस्सी. झालाय) आम्ही लग्नाच्या ॲपवर प्रोफाईल टाकलं, पैसे भरले, वर्ष झालं, एक धड फोन नाही. धंद्यात शेती लिहिलं की लोकं पुढे सरकवतात. माझी माय म्हणते मंडईला (भाजीच्या नाही, दिवाळीनंतरच्या आपल्या गावजत्रेला) पाव्हणे बोलवा. मला हसूच आलं, आता मंडईत कोण मुली पाहतं? की अजून पाहतात जी?

पवनीवाली

---

ताई, हसू नका, पाहतात. आमच्याच घरी पाहिली.

आमचं गाव वडश्यापासून जवळ, तुम्हाला माहीतच आहे दिवाळी झाली की हलकं धान निघालेलं असते, घरात थोडा पैसा असतो, मग गावोगावी मंडई. दिवसा दंडार (नाचगाण्याचा लोकनाट्याचा खेळ), रात्री नाटक. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पट, म्हणजे बैलांच्या शर्यती. मधे 2014 पासून कोर्टाची बंदी होती, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हापासून बाबा पुन्हा तरुण झालेत, बैलांना माझ्यापेक्षा चांगलं खाऊ घालतात.

तर लहान भावासाठी यंदा पाव्हणे आले. घरात एका वेळी बावीस माणसं, मायनं वांगे-पोपट (वालाच्या शेंगा) केलं, चुलीवर मटण, भाताचं गंज तर मी मोजलंच नाही. मुलीचा मामा काही न विचारता अंगणात बसून होता. मागून कळलं तो पाहून राहिला होता की जेवण झाल्यावर उष्टी ताटं कोण उचलते. भावानं उचलली. (आपल्या माहितीसाठी, एरवी नाही उचलत, पण त्या दिवशी देव पावला.)

रात्री नाटक. साडेदहाला पडदा उघडला आन पहाटे चारपर्यंत चाललं. मी एरवी सिनेमा दीडच्या स्पीडवर पाहणारा माणूस, मला वाटलं झोपणार, पण नाही झोपलो. झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाकडचं नाटक फोनवर पाहू नका, त्यात मजा नाई, ते शेजारच्याच्या ब्लँकेटमध्ये पाय घालून पाहायची गोष्ट आहे. या नाटकातले नट परशुराम खुणेंना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याच मंडळात कितीतरी जणांनी पहिल्यांदा हे नाव ऐकलं, मला तेव्हा भल्ला राग आला होता. असो. बाबा दुसऱ्या अंकात रडले. मुलीच्या बापानं त्यांना तंबाखूची पुडी दिली, माझ्या मते सोयरीक तिथंच जमली, बाकी कुंकवाचं नंतर.

आन मुलगी? चहा प्यायला थांबले तेव्हा तिनं भावाला सरळ विचारलं, दिवसातून किती वेळ गेम खेळता. हा फ्री फायरवाला. 2022 ला बंदी आली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता, मग त्याच गेमचं मॅक्सवालं चालूच आहे म्हणून कळलं. खरं सांगितलं त्यानं, दोन तास. ती म्हणाली एक करा.

ॲपवर तुम्ही काय आहे ते लिहिता, किती एकर, किती पगार. मंडईत एक रात्र लोकं तुमच्याकडे पाहत बसतात.

वडश्याकडचा

---

दादा, छान लिहिलंत पण मला नाही पटलं. मंडईत पाव्हणे येतात तेव्हा त्या घरची मुलगी नाटक पाहते का कधी? मी चिमूरकडची, दरवर्षी पहिला अंक माझा चहा करण्यात गेला, आन बाया येऊन वेणी किती लांब ते पाहून जायच्या. शिवाय पाव्हणे म्हणजे आपल्याच जातीतले, आपल्याच नात्यातले, बाहेरचं कोणी त्या अंगणात येतच नाही. ॲप वाईट असेल पण तिथं निदान नको म्हणायला बटन आहे.

आमचं दोन्हीकडे नाही जमलं, लुडोवर जमलं. 2020 चा लॉकडाऊन, मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये हा कोणीतरी अनोळखी. सगळे हरले की चिडायचे, हा हरला की दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. आता स्वयंपाक तोच करतो, माझ्या हातची पाटोडी फुटते.

चिमूरवाली

---

चिमूरवाली, चहाचं खरं आहे. माझी बहीण बाजूलाच बसून वाचत होती, म्हणाली लिही तिला, बरोबर बोलली. यंदाही पहिला अंक तिनं नाही पाहिला आन माझ्या ध्यानातही नाही आलं, मी ब्लँकेटमध्ये होतो. पुढच्या मंडईला चहा मी न भाऊ करू, पाव्हण्यांना चालला तर चालला.

पवनीवाली ताई, तुमच्या मायचं ऐका. ॲपही राहू द्या, पैसे भरलेच आहेत. भाच्याचा फोटो मला पाठवा, इकडे दोन-तीन घरी दाखवतो. ट्रॅक्टरला टेकून गॉगल लावलेला असेल तर तो नको, दुसरा पाठवा.

वडश्याकडचा