सशांसाठी लिटर बॉक्स: केवढा घ्यावा, आत काय घालावं?

गच्चीवरचा_मोगरा
फ्लॅटमध्ये दोन ससे आहेत, एक नर आणि एक मादी. दोघंही साधारण ५ महिन्यांचे, वजन प्रत्येकी पावणेदोन किलोच्या आसपास. सध्या कोपऱ्यात बसणारा तिकोनी ट्रे वापरतोय, वर प्लास्टिकची जाळी, खाली मांजरांचं बेंटोनाइट लिटर (शू शोषणारी दाणेदार माती). नर शू ट्रेमध्ये करतो, पण लेंड्या घरभर. मादी ट्रेमध्ये नुसती बसते आणि शू सोफ्यावर करते. ट्रे केवढा हवा, आत काय घालावं, रद्दी पेपर चालेल का आणि किती दिवसांनी धुवायचा, हे सविस्तर सांगाल का?

लांबकान्या
बाकी सगळं नंतर. नसबंदी झालेली नसेल तर दोघांना आजच्या आज वेगळ्या खोल्यांत ठेवा. ५ महिन्यांचा नर आणि मादी एकत्र असतील तर पिल्लं व्हायला वेळ लागत नाही. गर्भ ३०-३२ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय दुकानात नर-मादी चुकीचं सांगणं नेहमीचंच आहे, ते डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

आता बेंटोनाइट. ते ओलं झालं की फुगून गोळा होतं, मांजरांसाठी तोच त्याचा गुण. पण ससा ट्रेमधली वस्तू चावून बघतोच, आणि त्याला उलटी करता येत नाही. तो गोळा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. धूळ नाकात जाते ते वेगळंच. आजच काढून टाका. मक्याच्या कणसाचं आणि टोफूचं लिटरही नको. दोन्ही खाण्यासारखी लागतात आणि पोटात फुगतात. वखारीतून आणलेला भुसाही टाळा. त्यात कुठलं लाकूड आहे, प्लायवूडचा डिंक आहे का, काही कळत नाही. कच्च्या पाईनच्या किंवा देवदाराच्या सुवासिक छिलक्यांतले फिनॉल यकृताला त्रास देतात.

चालतं ते असं: भट्टीत वाळवून दाबलेल्या पाईनच्या गोळ्या, नाहीतर कागदाच्या गोळ्या. गोळ्या मांजरांच्या विभागात मिळाल्या तरी हरकत नाही, फक्त पाकिटावर सुगंध किंवा क्लम्पिंग (ओलं झाल्यावर गोळा होणारं) लिहिलेलं नसावं. ओल्या झाल्या की त्यांचा भुगा होतो, म्हणजे कुठलं बदलायचं ते डोळ्यांना दिसतं. थर एक-दीड सेंटीमीटरचा पुरे. ५० बाय ३५ सेंमीच्या बॉक्सला साधारण दीड किलो लागतं. जाड थर दिला तर ससा उकरून बाहेर उडवतो, पैसे जमिनीवर.

बॉक्सचं माप: ससा आत पूर्ण आडवा पसरला पाहिजे आणि वळून बसता आलं पाहिजे. तुमच्या वजनाच्या एका सशाला आतून ५० बाय ३५, नंतर दोघं एकत्र राहायला लागले की ६० बाय ४० किंवा मोठा. तिकोनी ट्रेमध्ये शेपूट बाहेर राहते आणि शू काठावरून खाली जाते, त्यात सशाची काही चूक नाही. प्लास्टिकच्या दुकानात बेडखाली सरकवायचे स्टोरेज बॉक्स मिळतात, ते उत्तम. मागची भिंत २०-२५ सेंमी ठेवा, कारण बरेच ससे मागचा भाग उचलून भिंतीवर शू मारतात. पुढून १० सेंमी उंचीचा प्रवेश कापा आणि कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर पोट खरचटतं.

जाळी मी तरी काढूनच टाकेन. सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. जाळीवर तासन् तास बसून ते झिजतात आणि टाचेवर जखमा होतात.

हिरवा_चारा
जाळीबद्दल अगदी सहमत. पण बॉक्सपेक्षा महत्त्वाचं म्हणजे वाळलेलं गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, ही त्याच्या शरीराचीच रीत. म्हणून बॉक्सच्या एका टोकाला, गोळ्यांच्या वरच, टिमोथी किंवा साध्या वाळलेल्या गवताचा भरघोस ढीग ठेवा. त्याला बसल्या जागेवरून तोंड पोचलं पाहिजे. गवत बॉक्सच्या बाहेर, हातभर लांब ठेवलं की लेंड्याही तिथेच पडतात. तुमच्या नराचं बहुधा हेच होतंय, जोडीला वयात आल्यामुळे हद्द आखणं. सकाळ-संध्याकाळ ताजं घाला, ओलं झालेलं तो खात नाही. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार असतं.

रद्दी पेपर चालतो. तळाला सहा-आठ घड्या, वर गवत. पण वास अजिबात धरून ठेवत नाही, रोज बदलावा लागतो. गुळगुळीत रंगीत पुरवण्या वापरू नका, शू शोषत नाहीत. आणि पेपर फाडून गिळणारा ससा असेल तर पेपर बादच.

तीन_पावलं
मादीचं सोफ्यावरचं प्रकरण हार्मोन्सचं दिसतंय. नसबंदीशिवाय ही सवय पक्की होणं कठीण. नराची साधारण ४ महिन्यांनंतर, मादीची ५-६ महिन्यांनंतर करतात. सशांचा अनुभव असलेल्याच डॉक्टरकडे जा. ओळखायची सोपी खूण सांगतो: ऑपरेशनआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा. उलटी होत नसल्याने उपाशी ठेवायची गरज नसते, उलट आतडी थांबायचा धोका. मादीत गर्भाशयाचा कॅन्सर वाढत्या वयात फार दिसतो, तेही कारण आहेच. ऑपरेशननंतर हार्मोन्स उतरायला ४ ते ६ आठवडे जातात, आणि तोवर नर पिल्लं देऊ शकतो, म्हणून एकत्र सोडण्याची घाई नको.

सवय लावताना प्रत्येकाला आधी छोटी जागा द्या, चार फूट बाय चार फुटांचं कुंपण बास. शू टिपलेला टिश्यू आणि मूठभर लेंड्या बॉक्समध्ये ठेवा. ससा हट्टाने दुसऱ्याच कोपऱ्यात जात असेल तर बॉक्स तिकडे हलवा, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. ओरडणं, शूमध्ये नाक घासणं असलं काही नको, तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. आठवडाभर शू फक्त बॉक्समध्ये झाली की जागा थोडी वाढवा. पुन्हा चुकलं तर जागा परत कमी करा. शूची सवय आधी लागते, लेंड्यांची मागाहून, आणि दोन-चार बाहेर पडणारच.

सोफा तोवर बंद. मऊ गादी सशाला फार आवडते. झालेल्या डागावर निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर मारून टिपा. वास राहिला तर ती पुन्हा तिथेच जाणार.

गच्चीवरचा_मोगरा
वेगळे केले, बेंटोनाइट काढलं. डॉक्टरांची वेळ घेतो. दोन शंका: ट्रेला पांढरा कडक थर बसलाय, घासूनही निघत नाही. आणि मादीची शू कधी कधी विटकरी दिसते, रक्त आहे का?

लांबकान्या
पांढरा थर कॅल्शियमचा. ससा जास्तीचं कॅल्शियम शूवाटे टाकतो, त्यामुळे थोडी गढूळ शू नेहमीचीच. पांढरं व्हिनेगर पाणी न घालता ओतून अर्धा तास ठेवा, मग प्लास्टिकच्या ब्रशने सुटतं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू होतो. फिनाईलही नको. शू टूथपेस्टसारखी घट्ट येत असेल तर मात्र मूत्राशय तपासून घ्या.

सगळी शू एकसारखी केशरी-विटकरी असेल तर बहुतेक वेळा खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे. फिकट शूमध्ये लाल ठिपके किंवा गुठळ्या, किंवा शू करताना ताण, तर लगेच डॉक्टर. नजरेवर भरवसा नको, शूमध्ये पट्टी बुडवून करायची तपासणी दोन मिनिटांत होते. तशीही नसबंदीसाठी जाणारच आहात, नमुना घेऊन जा.

साफसफाई: ओला भाग रोज काढायचा, सगळं रिकामं करून धुणं आठवड्यातून एक-दोनदा. सवय लागेपर्यंत धुतल्यावर जुन्या गोळ्यांपैकी मूठभर परत टाका.

हिरवा_चारा
पावसाळ्यात हे वेळापत्रक विसरा, रोज बदला. दमट हवेत गोळ्या वाळत नाहीत, अमोनिया साठतो आणि माश्या येतात. मागच्या भागाला शू-शी चिकटलेली असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघाच. गवताची पिशवी कापडी हवी, जमिनीपासून उंच, बुरशीचा वास आला की सरळ फेकायची.

बॉक्समध्ये द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या पडलेल्या दिसल्या तर जुलाब समजू नका. त्या ससा परत खातो, जीवनसत्त्वांसाठी. खात नसेल तर पेलेट (सशांचं तयार खाद्य) आणि गाजर कमी करा, गवत वाढवा. आणि दहा-बारा तास बॉक्समध्ये एकही लेंडी नाही, खाणंही बंद, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

कोरड्या लेंड्या थेट कुंडीत टाकता येतात, झाडं जळत नाहीत. शूने भिजलेल्या गोळ्या मात्र आधी कंपोस्टमध्ये.