मदत हवी आहे: ट्रॅकर यार्डात बोलतो, फडात गेला की मुका

नमस्कार मंडळी, लोरावॅनवर (कमी बॅटरीत छोटे मेसेज लांबवर पाठवणारं रेडिओ नेटवर्क) काम केलेलं कोणी असेल तर जरा बघा, माझं डोकं चालेनासं झालंय.

ऊस वाहतुकीच्या ४० ट्रॅक्टरांवर छोटे जीपीएस ट्रॅकर बसवलेत. स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर, एसएक्स१२७६ रेडिओ, स्वतःची बॅटरी (ट्रॅक्टरच्या वायरिंगला हात लावायचा नाही असं मालकांनी आधीच बजावलंय), आणि कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर एकच गेटवे (ट्रॅकरांचे मेसेज पकडून सर्व्हरकडं देणारा). ८६५ मेगाहर्ट्झवाला बँड, दर १० मिनिटांनी १२ बाइटचा मेसेज. एडीआर चालू ठेवलाय, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, ७ ते १२; जितका मोठा तितका मेसेज सावकाश, पण लांबून ऐकू येतो) आणि पॉवर सर्व्हरच ठरवतो, मला वाटलं बरंय आपल्याला कटकट नाही.

आता होतंय काय, रात्रभर ट्रॅक्टर यार्डात नंबर लावून उभा असतो तेव्हा एकही मेसेज चुकत नाही, आणि सकाळी सहाला फडावर निघाला की चार-पाच किलोमीटरवर गप्प ते संध्याकाळी परत येईपर्यंत गप्पच. अँटेना बदलून झाल्या, गेटवे अजून वर चढवून झाला. गंमत म्हणजे नवा कोरा ट्रॅकर पहिल्या दिवशी १४ किलोमीटरवरून बोलला होता, दुसऱ्या दिवसापासून तोही तसाच. मग रेंज गेली कुठं?

रेडिओवेडा: दादा, यार्डात उभा असताना एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, डीबीमध्ये) किती दिसतो? आणि एसएफ किती?

धागाकर्ता: एसएनआर अधिक ९ च्या आसपास. एसएफ ७.

रेडिओवेडा: मग तिथंच घोळ आहे. बहुतेक सर्व्हर शेवटच्या २० मेसेजमधला सगळ्यात चांगला एसएनआर धरतात. एसएफ १२ ला उणे २० डीबीपर्यंत चालतं, म्हणजे तुमच्याकडं शिल्लक २९, त्यातून सुरक्षेसाठी १० मार्जिन वजा केलं की १९, आणि दर ३ डीबीला एक पायरी. सहा पायऱ्या झाल्या. पाच पायऱ्यांत एसएफ १२ चा ७ झाला आणि सहावीत पॉवरही कापली. २० मेसेज म्हणजे तुमचे ३ तास २० मिनिटं, रात्रीत सहज होतं. सकाळी गडी निघतो तो कुजबुजतच निघतो, फडातून ऐकू कसं यायचं? एसएफ ७ उणे साडेसातच्या खाली गेलं की संपलं.

धागाकर्ता: पण उत्तर आलं नाही तर डिव्हाइस आपण होऊन आवाज वाढवतो असं वाचलं होतं ना

रेडिओवेडा: वाढवतो, पण कधी? ६४ मेसेज डाउनलिंकशिवाय (सर्व्हरकडून काहीच न येता) गेले की सर्व्हरला विचारायला लागतो, त्यानंतर अजून ३२ वाट बघतो, मग पहिली पायरी. ९६ गुणिले १० मिनिटं, १६ तास! तोवर तुमचा ट्रॅक्टर यार्डात परत, डाउनलिंक मिळाला, मोजणी परत शून्यावर. एडीआर मुळात खांबावर ठोकलेल्या मीटरसाठी आहे, चाकावरच्या वस्तूला नाही. डिव्हाइसमधूनच बंद करा.

कोडगा: सरळ सगळे एसएफ १२ वर टाका, विषय संपला.

धागाकर्ता: बॅटरीचं काय भाऊ, हिशोब केला तर हेडर धरून २५ बाइटला एसएफ ७ वर ६२ मिलिसेकंद लागतात आणि १२ वर जवळजवळ दीड सेकंद, म्हणजे २४ पट.

रेडिओवेडा: बॅटरी रेडिओपेक्षा जीपीएस जास्त खातो हो. फुल्ल पॉवरला रेडिओ १२० मिलिअँप ओढतो पण दीडच सेकंद, जीपीएस २५ मिलिअँपवर ३० सेकंद फिक्स (आपली जागा) शोधत बसला तर चौपट गेलं. तरी सगळं १२ वर नको, विनाकारण हवा अडते. तासाचे सहा मेसेज वाटून टाका: तीन एसएफ ७ वर, दोन १० वर, एक १२ वर. याला ब्लाइंड एडीआर म्हणतात. एकूण एअरटाइम (मेसेज हवेत असण्याचा वेळ) तासाला अडीच सेकंद, सहाही एसएफ १० वर पाठवले तरी तेवढाच लागतो. पण लांबच्या फडातून तासाला एक तरी पोचतो. प्रत्येक मेसेजमध्ये मागची दोन लोकेशनपण कोंबा, बाइट थोडे वाढतील पण मधला रस्ता कळेल.

धागाकर्ता (चार दिवसांनी): तीन ट्रॅक्टरवर करून बघितलं. काल स्वतः ट्रॅक्टरवर बसून गेलो, मांडीवर लॅपटॉप, ड्रायव्हर म्हणतोय साहेब पडशीला, धरून बसा. कॅनॉल ओलांडला तसं एसएफ ७ गेलं. पुढं दोन्ही बाजूला डोक्यावर गेलेला ऊस लागला तिथं १० पण गेलं, आणि अकरा चाळीसला १२ वाला आला, एसएनआर उणे १८! एवढ्या मोठ्यानं ओरडलो की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. उरलेल्या ३७ ला फर्मवेअर टाकतोय, रोज संध्याकाळी यार्डात केबल घेऊन फिरतो.

तिनातला एक मात्र अजून दिवसभर गप्पच आहे. सेटिंग तेच, बॅटरी फुल्ल.

कोडगा: बसवलाय कुठं तो?

धागाकर्ता: आत्ता जाऊन बघितलं. पावसात भिजू नये म्हणून मालकानं काढून लोखंडी टूलबॉक्समध्ये ठेवलाय, वर कुलूप. किल्ली गावाकडं.