मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र ४० मीटरवर फुटतं

गाडी १/१० मापाची, ५४० ब्रश्ड मोटर, २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी). वर ५.८ गिगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग कॅमेरा, ट्रान्समीटर त्यातच, २५ मिलीवॅट. अँटेना साधी सरळ तार, जमिनीपासून जेमतेम १२ सेंमी. चित्र घेणाऱ्या रिसीव्हरला उजवी वर्तुळाकार ध्रुवीकरणाची (जिच्या लहरी उजवीकडे फिरत जातात अशी) अँटेना आहे. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची अडचण नाही.

थ्रॉटल दिल्यावर येणाऱ्या आडव्या रेषा गेल्या आहेत: मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावले (एक दोन टोकांमध्ये, दोन टोकांपासून कॅनला, म्हणजे मोटरच्या धातूच्या कवचाला) आणि कॅमेऱ्याला वेगळी १एस बॅटरी दिली. त्यामुळे कृपया फिल्टर सुचवू नका.

उरलं ते अंतर. मोकळ्या मैदानातही ४० मीटरपुढे चित्र फुटतं, गाडी वळताना तर हमखास. चॅनेल बदलून फरक नाही. रिसीव्हर २ मीटर उंच ट्रायपॉडवर नेला तेव्हा मात्र स्पष्ट सुधारणा झाली, म्हणजे मूळ दोष जमिनीलगतच्या उंचीचा आणि परावर्तनाचा असावा. २०० मिलीवॅटचा ट्रान्समीटरही लावून पाहिला. बंद बॉडीखाली वारा लागत नाही, काही मिनिटांतच फार तापतो. तो नको.

गाडीवरही उजवीच वर्तुळाकार अँटेना लावायचा विचार आहे. ध्रुवीकरण न जुळल्याने जाणारे सुमारे ३ डेसिबल तरी परत मिळतील. पण गाडी उलटते, त्यामुळे १५ सेंमीपेक्षा उंच दांडा टिकणार नाही, आणि कोअ‍ॅक्स (अँटेनापर्यंतची केबल) वाढवली की तिच्यातही सिग्नल जातो.

तर १५ सेंमी कोअ‍ॅक्सवर वर्तुळाकार अँटेना चढवणं फायद्याचं, की आहे ती तार तशीच ठेवून रिसीव्हरला पॅच अँटेना (एकाच दिशेला रोखलेली चपटी अँटेना) लावणं? आणि उलटल्यावर न मोडणारा दांडा कशाचा करता?