१२ व्होल्ट ७ एएच (अँपियर-तास) सीलबंद बॅटरी: कोणत्या चार्जरवर लावू?

प्रश्न: यूपीएसमधून काढलेली बॅटरी आहे, मीटरवर ११.९ दाखवते. गाडीचा ६ अँपियरचा चार्जर चालेल का?

सोल्डरवाला: नको. हिला कमाल २.१ अँपियर, खरं तर ०.७ पुरे. ६ अँपियरने आत गॅस भराभर तयार होतो, तो व्हॉल्व्हमधून निघून जातो, आणि हिच्यात पाणी टाकायची सोय नाही. बेंच सप्लाय (व्होल्ट आणि करंट हवे तसे ठरवता येणारा पॉवर सप्लाय) असेल तर बॅटरी न जोडता १४.४ व्होल्ट लावा, करंट लिमिट ०.७ ठेवा, मग लाल प्लसला, काळी मायनसला. करंट ०.१ अँपियरच्या आसपास उतरला की काढा. कायम जोडून ठेवायची असेल तर १३.६, त्यावर नाही.

पॉझिटिव्ह_प्लेट: हे आकडे २५ अंशांचे. विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर फ्लोट (कायम जोडून ठेवायचा व्होल्टेज) साधारण पाव व्होल्ट कमी करा, नाहीतर बॅटरी फुगते. फुगलेली असेल तर चार्जिंगच्या फंदात पडूच नका, थेट भंगारात. दुकानदार जुनी परत घेतो. आणि बंद पेटीत चार्ज करू नका, हायड्रोजन साचतो.

सोल्डरवाला: चार्जनंतर रात्रभर सुटी ठेवून मोजा. १२.८च्या वर टिकली तर बरी. साडेदहाच्या आसपास आली तर एक सेल (आतला कप्पा) गेलाय.